दहाचा पाना जरा बाजूला ठेवा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मिरगाचा पाऊस पडला की आमच्याकडं येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. उन्हाळ्यात सगळे मायलेज विचारतात आणि एकदा का जांबोटीकडचा रस्ता ओला झाला की मडगार्ड, नंबरप्लेट, शिंतोडे आणि "काहीतरी खडखडालंय" एवढंच. यावेळी सात पत्रं घेतलीत, सगळी ऑफरोड गाड्यांची. वाचताना एक गोष्ट लक्षात आली, दोन पत्रांत आजार एकच आहे आणि तो गाडीला नाही, गाडीवाल्याला आहे. हातात दहाचा पाना आला की आपण आवळत सुटतोय.

दादा नमस्कार. माझी २०० सीसीची ऑफरोड गाडी आहे, दोन वर्षं झाली. रविवारी आम्ही चार-पाच पोरं जांबोटी, कणकुंबी करून चोर्ल्याकडं जाऊन येतोय. मागचा नंबरप्लेट होल्डर, ते लांब शेपटासारखं असतंय बघा, ते मुळातनं तुटलं. नवीन घालून घेतलं, ह्यावेळी चांगलं गच्च आवळून घेतलं, तरी सहा महिन्यांत परत त्याच जागी चीर. इन्स्टंट गम लावून बघितला, टिकला नाही. आणि मागच्या आठवड्यात तर सगळंच गेलं प्लेटसकट, कुठं पडलं तेबी कळलं नाही, घरी आल्यावर भाऊ म्हणाला तुझी प्लेट कुठाय. आता लोखंडी करून घेऊ काय? आणि प्लेटचं काय करायचं? — एक वाचक, जांबोटी

अरे मर्दा, "गच्च आवळून घेतलं" म्हणालास तिथंच सगळं आलं की.

उसाचं कांडं एका टोकाला मुठीत धरून जोरात हलव. दुसरं टोक फडफडतंय, पण मोडतंय कुठं? मुठीपाशी. तुझं शेपूट म्हणजे तेच कांडं. मुळाशी दोन-चार बोल्ट, आणि पार टोकाला प्लेट, दोन इंडिकेटर, रिफ्लेक्टर, प्लेटचा बल्ब, आणि पावसात वरनं तांबड्या मातीचा थर, तो आतल्या बाजूनं बसतो म्हणून दिसत नाही पण खरडून वजन केलास तर हबकशील. त्यात सिंगल सिलिंडरचं इंजिन आणि चोर्ल्याकडचे खड्डे. हे सगळं हलणं मुळापाशी येऊन थांबतंय आणि प्लॅस्टिक दमून चिरतंय, एका दणक्यात मोडत नाही, थोडं थोडं करून मोडतंय.

आता कंपनीला हे ठाऊक नसतंय काय, असतंय. म्हणून बऱ्याच गाड्यांत त्या भोकात एक रबरी बुश असतंय आणि बुशाच्या आत लोखंडी नळीचा बारका तुकडा, त्याला कॉलर म्हणतात. बोल्ट आवळला की तो कॉलरवर जाऊन बसतो, प्लॅस्टिकवर नाही, आणि प्लॅस्टिक रबरात तरंगत राहतंय, थोडं हलतंय, ते हलायलाच पाहिजे. पहिल्यांदा कुणीतरी खोललं तेव्हा ही कॉलर खाली पडली असणार, बोटाच्या पेराएवढी पण नसते, गटारीत गेली की गेली. मग दुसऱ्यांदा बोल्ट थेट प्लॅस्टिकवर बसला, तू तो गच्च आवळलास, आणि भोकाच्या कडेला त्याच दिवशी केसाएवढी चीर पडली. पुढचे सहा महिने ती नुसती वाढत होती.

तर पहिलं काम, नवीन होल्डर घेतानाच बुश आणि कॉलर मोजून घे. कॉलर मिळालीच नाही तर उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, कुठल्याबी लेथवाल्याकडं जा, पाच मिनिटाचं काम आहे, पण लांबी बुशापेक्षा किंचित कमी ठेवायला सांग म्हणजे रबर थोडं दाबून धरलं जाईल. खाली रुंद वायसर, मागं नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, हलून न सुटणारा. सहा एमएमच्या बोल्टला लोखंडात साधारण १० न्यूटन-मीटर चालतंय, प्लॅस्टिकवर थेट बसत असेल तर त्याच्या निम्म्यात थांबायचं. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, नसेल तर पाना टोकाला नको, मधोमध धरून दोन बोटांनी आवळ.

आणि एक, बरेच मेस्त्री बोल्ट सुटू नये म्हणून त्याला निळं लॉकटाइट, म्हणजे आटे जाम करणारं द्रव, लावतात. इंजिनच्या बोल्टला लाव की हवं तेवढं. प्लॅस्टिकपाशी नको. ते एबीएस आणि पॉलिकार्बोनेट ह्या जातींच्या प्लॅस्टिकला लागलं की बोल्टभोवती बारीक चिरांचं जाळं पडतंय. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, माझ्याच गाडीचं पुढचं मडगार्ड असं घालवलंय, स्वतःच्या हातानं, आणि वर चार दिवस प्लॅस्टिकला शिव्या घातल्यात.

चिकटवायचं म्हणशील तर आधी ते प्लॅस्टिक कुठलं ते बघ. आतल्या बाजूला बारीक अक्षरात कोरलेलं असतंय, पीपी, एबीएस, पीई असं काहीतरी. अक्षरं घासून गेली असतील तर एक तुकडा पाण्याच्या बादलीत टाक, पीपी तरंगतंय, एबीएस बुडतंय. एबीएस असेल तर काम सोपं आहे, त्याच्याच भुग्यात ॲसिटोन घालून लाप्शी करायची आणि चिरेत भरायची, एक दिवस वाळू द्यायची. पीपीला मात्र कुठलाच साधा गम धरत नाही, म्हणून तुझा टिकला नाही. त्याला सोल्डरिंगच्या इस्त्रीनं वितळवून जोडायला लागतंय आणि भर घालायला पीपीच पाहिजे. काही जण केबल टाय वितळवून भरतात, ते नायलॉन असतंय, पीपीत मुरत नाही, वरनं बरं दिसतंय आणि पहिल्या खड्ड्यात निघतंय. भंगारात कारचा फुटका बंपर मिळतोय, त्याच्या मागं पीपी लिहिलेलं असेल तर त्याच्या पट्ट्या काप, वर्षभर पुरतील. जोडायच्या आधी चीर जिथं संपते तिथं ३ एमएमचं भोक पाडायचं. विसरू नको, नाहीतर चीर जोडाच्या पुढनं निघून चालायला लागते.

लोखंडी करू काय विचारलास. नको. लोखंडी केलास तर शेपूट मोडणार नाही, मान्य, पण मग तो सगळा दणका मागच्या चेसीच्या नळीला आणि वेल्डिंगला जाणार. मोडायचं ते स्वस्तातलं मोडू दे. त्यापेक्षा आतनं अॅल्युमिनियमची २ एमएमची पट्टी लाव, मुळापासनं निम्म्या लांबीपर्यंत, टोकं गोल करून. टोक चौकोनी ठेवलास तर नवीन चीर बरोबर पट्टीच्या टोकाला पडते.

राहिली प्लेट. ती हाय सिक्युरिटी होती म्हणजे तिच्यावर लेझरनं कोरलेला नंबर आहे आणि तो तुझ्या गाडीच्या नावावर नोंदलेला आहे, म्हणून हरवली तर आधी पोलिसात तक्रार द्यायची, पोच घ्यायची, आणि त्यावर अधिकृत विक्रेत्याकडं नवीन मागवायची. खडेबाजारात रंगवून लावलेली प्लेट चालत नाही. आणि नवीन आली की ती थेट होल्डरला लावून घेऊ नको, आधी मागं पूर्ण मापाचा पाठपत्रा घाल. प्लेट म्हणजे १ एमएमचा अॅल्युमिनियमचा पत्रा, मागं आधार नसला की भोकापाशी हलून हलून फाटते. तिचं स्नॅप लॉक एकदाच बसतंय, काढायचं म्हणजे तोडायचं. म्हणून प्लेट पाठपत्र्याला लॉक करायची आणि पाठपत्रा होल्डरला साध्या बोल्टनं. मग होल्डर किती वेळा मोडला तरी प्लेटला हात लावायला नको.

बाकी रविवारी कणकुंबीला चहाला थांबता ना, तेव्हा शेपूट एकदा हातानं हलवून बघत जा. आणि भीमगडच्या जंगलात गाड्या घालू नका रे, ते अभयारण्य आहे, तिथं प्लेट सापडली तर ती वनखात्यालाच सापडेल.

नमस्कार. पोरानं हौसेनं ऑफरोड गाडी घेतली आणि आता तो पुण्याला, गाडी माझ्या गळ्यात. शेताला जायला बरी आहे म्हणून वापरतो. पण पाणंदीतनं जाताना काळी माती पुढच्या चाकात आणि मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरायचंच बंद होतंय. दोनदा पडता पडता वाचलो. काडीनं उकरून काढतो, परत शंभर पावलावर तेच. मडगार्ड काढूनच टाकावं म्हणतो. गल्लीतला मेस्त्री म्हणतो काढू नका. — एक शेतकरी, येळ्ळूर

काका, दोनदा पडता पडता वाचलात हे आधी मनावर घ्या. मागचं चाक अडकलं तर गाडी घसरते, पुढचं अडकलं तर माणूस थेट हँडलवरनं जातो.

काळ्या रानाची माती तुम्हाला मी काय सांगायची. पाणी पिऊन फुगणारी ती, वाफसा नसताना पाय टाकला तर चप्पल सोडत नाही. चाकाचं असं होतंय की टायरच्या खाचांत माती भरते, वर मडगार्डच्या कडेला घासून निघते, पण निघालेली जायला जागा नसते, मग तिथंच साचत, दाबत जाते. गाडी उभी करून जेवून आलात की तिची वीट झालेली असते. तांबडी माती असं करत नाही, ती शिंतोडे उडवते पण सुटते. म्हणून खानापूरकडची पोरं जे सांगतात ते येळ्ळूरच्या रानात चालेलच असं नाही.

मेस्त्री काढू नका म्हणतो त्यालाही कारण आहे. चाकाला लगटून असलेलं खालचं मडगार्ड दोन-तीन कामं करत असतंय. एक तर त्याचा लोखंडी घोडा, म्हणजे कमान, काही गाड्यांत पुढच्या दोन्ही शॉकअपना एकमेकांशी बांधून ठेवतो, तो गेला की खड्ड्यात हँडल सैल वाटतंय. दुसरं, ब्रेकचा पाइप त्याच घोड्याला क्लिपनं धरलेला असतो. नुसतं मडगार्ड काढलं आणि पाइप मोकळा सोडला तर तो टायरला घासणार, आणि ते कधी कळणार तर ब्रेक दाबल्यावर. तिसरं, इंजिनपुढं ऑइल कूलर असेल तर सगळा चिखल त्याच्या पाकळ्यांत जाऊन बसतो, आणि वाळला की इंजिन तापायला लागतंय. शॉकअपच्या चकचकीत नळ्यांना दगड लागून ओरखडे पडतात आणि मग सील गळतंय ते वेगळंच.

तेव्हा मधला मार्ग काढू. तुमच्या गाडीला वर चोचीसारखं आणि खाली चाकालगत अशी दोन मडगार्ड आहेत काय ते बघा, रॉयल एनफिल्डच्या जुन्या ४११ सीसीच्या हिमालयनला तशी आहेत. दोन असतील तर पेरणी-लावणीच्या दिवसांत खालचं काढा, पण फक्त प्लॅस्टिक, लोखंडी घोडा आणि पाइपची क्लिप जागच्या जागी ठेवून. कूलरपुढं बारीक जाळी लावा, डासांची नको, ती वारा अडवते, जरा मोठ्या घराची.

एकच असेल तर ते वर उचला. लेथवर नायलॉनचे १५ ते २० एमएमचे बुश करून घ्या, बोल्ट तेवढेच लांब घ्या, मडगार्ड तेवढं वर. बसवल्यावर पुढचा ब्रेक धरून दोघांनी मिळून पुढचा भाग पूर्ण दाबून बघायचा, मडगार्ड वर कुठं, खालच्या टीला (दोन्ही शॉकअप धरणारा आडवा तुकडा) किंवा हॉर्नला, लागत नाही ना. लागत असेल तर ५ एमएम कमी करा. आणि शेतातनं डांबरीवर आलात की दहा पावलं हळू चालवून उतरा आणि आतली माती तिथंच काढा, ओली असताना. रात्री अंगणात काढू म्हटलात की सकाळी पहार लागते.

मेस्त्रीला माझा नमस्कार सांगा.

आमचे हे आणि त्यांचे मित्र गाडीला "हलकी करालोय" म्हणून एकेक वस्तू काढत सुटलेत. आधी मागचं शेपूट कापलं, प्लेट सीटखाली आत सारली, मग साडीगार्ड काढलं. आता पावसात मागं बसलं की माझ्या पाठीवर डोक्यापर्यंत चिखलाची रेघ येते आणि पदर सांभाळत बसावं लागतं ते वेगळंच. सांगितलं तर म्हणतात ऑफरोड गाडीला असंच असतंय. खरं आहे काय? — एक वाचक भगिनी, निपाणी

वैनी, खोटं आहे. ज्या गाडीवर मागं बायको बसते ती गाडी त्या दिवशी ऑफरोड नसते.

साडीगार्डाचं आधी सांगतो. मागं माणूस बसायची सोय असलेल्या मोटरसायकलला मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारं संरक्षण, धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागा पाहिजे असं केंद्रीय मोटर वाहन नियमात, १२३ व्या नियमात, लिहिलेलं आहे, आणि कारणही तिथंच लिहिलंय, मागच्या माणसाचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. पदर असो, ओढणी असो, रेनकोटचा बंद असो. चाक ओढायला लागलं की ओरडायलाही वेळ मिळत नाही. ह्या बाबतीत दादांची समजूत घालत बसू नका, साडीगार्ड लागल्याशिवाय बसायचंच नाही. दगडात अडकतंय म्हणून काढलं असेल तर चार बोल्ट आहेत, रविवारी सकाळी काढा, संध्याकाळी लावा म्हणावं.

चिखलाची रेघ का येते तर चाकावरनं चिखल सुटतो तो चाकाला लागून सरळ रेषेत, आणि कापलेल्या शेपटामुळं चाकाची मागची बाजू उघडी पडली, म्हणजे जो चिखल पूर्वी शेपटाला लागून खाली पडायचा तो आता वर येतोय. शेपूट कापून गाडी किती हलकी झाली असेल, पाव किलो? दादांनी एक वेळचा कुंदा सोडला असता तरी तेवढी झाली असती. (हे त्यांना वाचून दाखवा.)

नवीन शेपूट घेणार नसतील तर ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तळहाताहून थोडा रुंद तुकडा घ्यायचा, सीटखालच्या मडगार्डच्या शेवटाला वर-खाली दोन पट्ट्यांमध्ये दाबून दोन बोल्टनं लावायचा, खाली लोंबता ठेवायचा. मात्र चाक पूर्ण वर आलं तरी टायरमध्ये ओढला जाणार नाही इतकीच लांबी. आणि सीटखाली आडवी सारलेली प्लेट मागनं वाचता येत नसेल तर कोगनोळी नाक्यावर काय नि पुढं कागलात काय, दंड भरायची तयारी ठेवायची.

नंबरप्लेटवर देवनागरी आकडे लिहिले तर चालतंय काय? आपल्या भागात प्रश्न भावनेचा आहे. — एक वाचक, शहापूर, बेळगाव

नोंदणीच्या प्लेटवर नाही चालत. देवनागरीही नाही आणि कन्नडही नाही, अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय, हा नियम देशभर एकच आहे, केंद्रीय मोटर वाहन नियमातला ५० वा. १ एप्रिल २०१९ पासनं नवीन गाड्या हाय सिक्युरिटी प्लेट लावूनच येतात, आणि त्याच्या आधीच्या गाड्यांनाही कर्नाटक सरकारनं ती २०२३ च्या आदेशानं सक्तीची केली, त्यामुळं रंगवून घ्यायचा विषयच संपला. भावना मडफ्लॅपवर लिहा, तिथं जागा भरपूर आहे.

मी चंदगडचा, उद्यमबागेत कामाला आहे, रोज येणं-जाणं. गाडीचं पुढचं मडगार्ड उंच, चोचीचं आहे आणि पुढची नंबरप्लेट मी त्याच चोचीच्या टोकाला लावली आहे. सत्तरच्या पुढं गेलं की मडगार्ड फडफडतंय आणि हँडल हलालंय असं वाटतंय. बोल्ट सगळे आवळून बघितले. — एक वाचक, चंदगड

परत आवळलंस!

उंच मडगार्ड चिखलासाठी असतंय, चाक आणि मडगार्डमध्ये वीतभर जागा पाहिजे म्हणून. त्याची किंमत हायवेवर द्यायला लागते. खालनं वारा शिरतो आणि चोच वर उचलतो, सोडतो, उचलतो. त्यात तू टोकाला २८५ बाय ४५ एमएमची प्लेट लावलीस म्हणजे पतंगाला शेपूट लावायच्या जागी पाटी लावलीस. बऱ्याच गाड्यांत ही चोच खालच्या टीला धरलेली असते, हँडलबरोबर वळते, म्हणून तिची फडफड थेट तुझ्या हातात येते.

प्लेट मागं घे. हेडलाइटच्या खाली, जिथं कंपनीनं जागा दिली असेल तिथं, नाहीतर छोटी पट्टी करून. नियमाला हँडलला समांतर आणि पुढं तोंड करून प्लेट पाहिजे, ती मडगार्डवरच पाहिजे असं नाही. (आमच्या लहानपणी जावा, राजदूत, बुलेटच्या पुढच्या मडगार्डवर प्लेट लांबीच्या दिशेनं उभी असायची, सुरीसारखी. वाऱ्याला काही लागायची नाही ती. समोर आलेल्या माणसाला लागायची.)

प्लेट काढून एकदा त्याच रस्त्यानं जाऊन बघ. फडफड गेली आणि हँडल हलायचंही गेलं तर विषय मिटला. फडफड गेली पण हँडल हलतंयच, तर मडगार्डचा दोष नव्हता. मग कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतंय ते बेअरिंग, बघायचा, पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरव, मधोमध कुठं खाच असल्यासारखं थांबत असेल तर कोनसेट गेला. टायरची हवा बघ, कच्च्या रस्त्याला कमी केलेली तशीच राहिली असेल तर. आणि मागं मोठी पेटी लावून त्यात हत्यारं भरून नेत असशील तर ती एक दिवस घरी ठेवून बघ. ह्या क्रमानंच बघ, सगळं एकदम बदललंस तर काय बरं झालं ते कळणार नाही.

मागचा टायर बदलून मोठ्या गोट्यांचा घातला. आता डबल सीट असताना खड्ड्यात मागं खर्रर्र असा आवाज येतो आणि आतलं मडगार्ड झिजायला लागलंय. दुकानदार म्हणाला होता बसतंय. — एक वाचक, लोंढा

रिमवर बसतंय, हे त्याचं खरं. गाडीत बसतंय काय हा वेगळा प्रश्न.

हिशेब साधा आहे. हिरोच्या एक्सपल्स २०० ला मागं १२०/८०-१८ असतो, ते उदाहरण धरू. पहिला आकडा रुंदी, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची, म्हणजे ९६ एमएम. तिथं १२०/९० घातलास तर १०८, चाक वरच्या बाजूला १२ एमएम उंच झालं. १४०/८० घातलास तर ११२, १६ एमएम, आणि रुंदी वाढली ती वेगळी, ती चेनकडं घासते. वरनं गोट्यांची उंची धर. आणि मागचा शॉकअप डबल सीटला आधीच बसलेला असतो, त्यामुळं राहिलेली जागा एका खड्ड्यात संपते.

तुझ्या गाडीत नेमकं किती कमी पडतंय ते बघायला घरातली कणीक घे, घट्ट मळलेली, आतल्या मडगार्डला चाकाच्या बरोबर वर दोन-तीन ठिकाणी लिंबाएवढे गोळे चिकटव, मागं मित्राला बसव आणि नेहमीच्या खड्ड्यातनं हळू एकदा जा. उतरून गोळे बघ. चेपलेत पण १० एमएम राहिलेत तर ठीक. पार पापड झाला असेल तर आधी शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, दोन घर वाढव, परत नवीन गोळे लाव. तरी पापडच, तर टायर बदल. आतलं मडगार्ड कापायचा सल्ला कुणी ना कुणी देणारच तुला. ते कापलं की सगळा गाळ शॉकअपवर आणि बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरच्या डब्यावर. टायर विकून जे नुकसान होईल ते त्याच्यापेक्षा कमी.

शॉकअपला खालनं धरणारी पट्टी, म्हणजे लिंक, बदलून गाडी बुटकी करून घेतली आहेस काय ते लिहिलं नाहीस. घेतली असशील तर जागा तिथंच गेली, आधी ती लिंक मूळची घाल.

चिखल चिकटू नये म्हणून मडगार्डला आतनं काय लावावं? इथं काही जण जळकं ऑइल लावतात. — एक वाचक, भालकी, जि. बीदर

जळकं ऑइल नको, त्याला धूळ चिकटून वेगळाच थर बसतो आणि रबरी बुश फुगून मऊ होतात. मडगार्ड धुऊन, पूर्ण वाळवून आतनं सिलिकॉन स्प्रे मारा, काळी माती त्यावरनं पुष्कळ सोपी सुटते, दोन-तीन फेऱ्या टिकतो, परत मारायचा. मारताना चाक काढलेलं असेल तर उत्तम. नसेल तर टायर आणि ब्रेकची डिस्क पोत्यानं झाकून घ्या, डिस्कवर एक फवारा जरी गेला तरी पहिल्या ब्रेकला गाडी थांबत नाही. गेलाच चुकून, तर ब्रेक क्लीनरनं डिस्क पुसा, आणि पॅडवर गेला असेल तर पॅड घासत बसू नका, बदला.